एकशेवीसला बंद होणारा स्विच

लग्नानंतरची तीन वर्षं मी आमच्या जीपमध्ये हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत काढली. आम्ही वणीच्या रस्त्यावर भाविकांच्या गाड्यांचे पंक्चर काढायचो. जीपच्या मागे हवेची टाकी आणि बॅटरीवरचा कंप्रेसर बसवलेला होता. टाकी भरली की कंप्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच जळून गेला होता. त्यामुळे काटा एकशेवीसवर गेला की मी बटण बंद करायचे, नव्वदवर आला की चालू. पाणी प्यायलाही उतरता येत नसे.

"नवा स्विच आणू या ना," मी म्हणायचे.

"तू आहेस की," नवरा म्हणायचा.

एकदा सातपूरला तो टायर बघत असताना मीच शेजारच्या दुकानात शिरले. दुकानदाराने एक स्विच पुढे केला. "ताई, हा न्या. दीडशेपर्यंत हवा भरतो."

"आमची टाकी जुनी आहे, तिला दीडशे झेपायचं नाही. बारा व्होल्टचा द्या, नव्वदला चालू आणि एकशेवीसला बंद होणारा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "गाडीवर काम कोण करतं?"

"मीच," मी म्हटलं.

नवऱ्याने कुरकुरत स्विच बसवला. दुसऱ्या दिवशी टाकी भरली आणि कंप्रेसर आपोआप थांबला. मी खाली उतरले, रस्त्याच्या कडेने थोडी चालले. पुढे कुठे जायचं ते सुचेना.

"रिकामी झालीस ना? मग जॅक लाव," मागून नवऱ्याची हाक आली.

मी परत फिरले आणि जॅक लावला.