बाबांची दुभाषी

ब्रिस्टलला नोकरी लागून मला तीन वर्षं झाली, तेव्हा बाबा सांगलीहून महिनाभर राहायला आले. दोन हजार सहाचा जून असावा. मी त्यांना कॉर्नवॉलमधल्या एका किनाऱ्यावरच्या गावी नेलं. चित्रकारांचं म्हणून नावाजलेलं गाव. गल्लोगल्ली गॅलऱ्या, धक्क्यावर गाणारे-वाजवणारे. गाडी टेकडीवर ठेवायची आणि दिवसभर पायी हिंडायचं. कुठल्या गॅलरीनंतर कुठली, हे मी नकाशावर आखूनच नेलं होतं. मला तशी खोडच आहे.

बाबा मात्र पावलापावलावर थांबायचे आणि मला कोपराने ढोसायचे, "विचार ना त्याला." धक्क्यावर अॅकॉर्डियनवाला दिसला. "विचार ना, भाता कशाचा आहे?" मी विचारलं. पुठ्ठ्याचा आणि कापडाचा, तो म्हणाला. बाबा खूश. मग एका दुकानाच्या पाटीसमोर, "विचार ना, हा एस हाताने काढलाय का?" तिथे माझा पारा चढला.

"बाबा, लोक इथे चित्रं बघायला येतात. पाट्या नाही."

बाबांनी चाळीस वर्षं पाट्याच रंगवल्या होत्या. दवाखान्यांच्या, किराणा दुकानांच्या, उसाच्या ट्रकांच्या मागच्या फळ्या. इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण सव्वीसही अक्षरं हाताला पाठ होती. शाळेत मुली मला 'पेंटरची पोरगी' म्हणायच्या. सरळच सांगते, मला त्याची लाज वाटायची.

पुढच्या गॅलरीत चित्रकार बाई स्वतःच टेबलाशी बसल्या होत्या. बाबा समुद्राच्या एका चित्राला नाक लावून ब्रशचे फटकारे बघत होते. बाईंनी हसून मला विचारलं, "इज युअर फादर अ पेंटर टू?"

'पेंटर' तेवढं बाबांना कळलं. चेहरा उजळला. "सांग ना त्यांना," ते म्हणाले, "बोर्ड पेंटर. सांगलीतले निम्मे बोर्ड माझ्या हातचे."

"यस," मी बाईंना म्हणाले, "ही पेंट्स लँडस्केप्स. रिव्हर्स, मोस्टली."

नद्यासुद्धा घातल्या मी! खोटंच बोलायचं तर हात आखडता कशाला? बाई म्हणाल्या, वंडरफुल. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा चित्राकडे वळले. तरुणपणी चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या माणसाला लँडस्केप म्हणजे काय ते ठाऊक असणारच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाहेर ओहोटी लागली होती. होड्या वाळूवर टेकल्या होत्या आणि एक म्हातारा एका होडीवर तिचं नाव रंगवत होता. मनगट टेकायला त्याने टोकाला कापडाचा बोळा बांधलेली काठी धरली होती. बाबांची काठीही अश्शीच होती, घरी दाराआड उभी असायची. मला काही न सांगता बाबा वाळूत उतरले. त्यांनी काठीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. म्हाताऱ्याने ब्रश पुढे केला. नावातला शेवटचा ई बाबांनी काढला. हात जरासुद्धा थरथरला नाही.

"इज ही इन द ट्रेड?" म्हाताऱ्याने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "साइन पेंटर. फॉर्टी इयर्स." मग माझ्याकडे न बघता, "नो लँडस्केप."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "बाबा, चुकलं माझं." "अगं, चालायचंच," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढचे तीन आठवडे बेकरीत, बसमध्ये, लायब्ररीत त्यांनी बोटांनी आणि मोडक्या शब्दांनी स्वतःच निभावलं. निघायच्या आदल्या रविवारी ब्रिस्टलच्या बंदरावर एक अॅकॉर्डियनवाला दिसला. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मी कोपराची वाट बघितली. शेवटी मीच म्हणाले, "काही विचारू का त्याला?"

"नको," बाबा म्हणाले. "ऐकू येतंय की मला."