वहिनींनी राखलेला कान

आमच्या थोरल्या वहिनींना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. रहिमतपूरच्या घरी त्या चुलीपाशी बसून मीठ मागायच्या आणि शेजारच्या काकू आपल्या घरून मीठ घेऊन यायच्या. दादा पलटणीत होता. घर, म्हशी आणि तालमीत कुस्तीसाठी घुमणारा मी, सगळं त्याच आवाजावर चालायचं.

दादा लढाईवर गेला होता त्या दिवसांत, तालमीत सराव करताना माझ्या उजव्या कानात रक्त साकळलं. कान वड्यासारखा फुगला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी चीर देऊन रक्त काढलं, दाबून पट्टी बांधली आणि बजावलं, "पट्टी सैल होऊ द्यायची नाही, नाहीतर कान कायमचा वाकडा होईल. पाणी लावायचं नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही. मी सांगेपर्यंत कुस्ती बंद." मी नुसती मान हलवली. ऐकलं ते वहिनींनी.

घरी येताच त्यांनी माझ्या बंडीच्या उजव्या खांद्याला दाणे काढलेलं कणसाचं बुरकुंड शिवलं. त्या कुशीवर वळलो की टोचायचं. आंघोळ मानेखालीच. काकूंनी मायेनं लसणीचं कोमट तेल आणलं, तर वहिनी गरजल्या, "आवं काकू, कान हाय त्यो. भजी न्हाई तळायची!"

मग तालमीचे वस्ताद आले. पलूसच्या जत्रेत माझी कुस्ती ठरली होती. ते म्हणाले, "पट्टी सोड रं गड्या. मोडका कान म्हंजी पैलवानाचा दागिना." आम्ही सगळेच तसं मानायचो. सरळ कानाच्या गड्याला तालमीत कोण विचारणार? माझा हात पट्टीकडे गेला.

"दागिना तुमचा तुमी मिरवा, वस्ताद!" वहिनी बाहेर आल्या त्या जत्रेसाठी शिवलेला माझा कोरा तांबडा लंगोट घेऊन. टर्रकन फाडला आणि जुन्या पट्टीवरून माझ्या डोक्याला आवळला. "जावा भावजी, आता लढा."

वस्ताद हसू दाबत उठले. मी मात्र जत्रा उलटेपर्यंत वहिनींशी बोललो नाही. त्या तरीही रोज माझ्या कपाळाला हात लावून ताप बघत राहिल्या. माझं ते न बोलणं अजून सलतं.

आज माझे दोन्ही कान सारखे आहेत. मी कधी लढलो होतो, हे तालमीतल्या पोरांना खरं वाटत नाही. वहिनींना आता कमी ऐकू येतं. परवा गेलो, तर त्यांनी आधी माझा उजवा कान चाचपला. "सरळ हाय न्हवं?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "वैनी, तवा तुमचंच बरोबर हुतं!"

"आं?"

मी ओरडलो.

"काय म्हनलासा?"

पुन्हा ओरडलो, तशा शेजारणी दारात आल्या. वहिनी त्यांच्याकडे बघून गालात हसल्या. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, असा माझा दाट संशय आहे.