पुतळीची पाठ

कपड्यांच्या त्या दुकानात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. नाव मालकांनी ठेवलेलं, पण आता नवऱ्याच्याही तोंडी बसलेलं. मनगटाला टाचण्यांची गादी आणि ओठांत दोन-चार टाचण्या, त्यामुळे बाईंचं बोलणं कायम दातांतल्या दातांत. काम एकच, दर्शनी काचेतल्या पुतळ्यांना कपडे चढवायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा म्हणजे कळेल. पुतळ्या सगळ्या काडीपैलवान. त्यांच्या अंगावर झगा दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबतो. मग टाचणीबाई मागून कापडाची मूठ धरणार, आवळणार, चिमटे लावणार, टाचण्या टोचणार. पुढून बघणाऱ्याला वाटावं, वा, काय बेतलाय! मागे मात्र मानेपासून कमरेपर्यंत नुसती चिमट्यांची रांग. पण मागून बघतो कोण? पुतळीची पाठ भिंतीकडे असते.

अशीच तिने कोपऱ्यातल्या पुतळीला एक निळा झगा चढवला आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. शाळेतून येताना तिची लेक काचेपुढे थांबली ती थांबलीच. शाळेच्या निरोपसमारंभाला हाच हवा, दुसरा नको. टाचणीबाईने हौसेने लेकीच्या मापाचा घरी आणला. झगा खांद्यात बसला, कमरेत बसला, कुठे ओढ नाही की चुणी नाही. लेक बराच वेळ आरशात बघत राहिली आणि म्हणाली, काचेतल्यासारखा दिसत नाहीये. त्या रात्रीपासून तिने रात्रीचं जेवण सोडलं.

मग काय, घरात रोजचा तमाशा. टाचणीबाई रागावली, मग गोंजारून बघितलं, मग बोलणं टाकलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. भूक नाही, एवढं एकच उत्तर. खेळाच्या तासाला पोरीला चक्कर आली, शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला. नवरा म्हणाला, चार दिवसांचं खूळ आहे, भूक लागली की येईल ताटावर. जसं काही मांजरच पाळलंय घरात! नणंद आली ती वर शहाणपण शिकवून गेली. बरंच आहे म्हणे, या वयात अंग आवरलेलं बरं, नाहीतर आईवर जायची. टाचणीबाईने तिला चहा दिला आणि तोंडातल्या तोंडात जे काही म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

एका संध्याकाळी ती कामावरून आली तर खोलीचं दार अर्धवट उघडं. लेक निळा झगा घालून आरशासमोर तिरकी उभी. एका हाताने पाठीमागे कापडाची मूठ आवळलेली, श्वास रोखलेला, गाल आत गेलेले. टाचणीबाई दारातच थिजली. अगं बाई, ही पोरगी पुतळीसारखं दिसायला उपाशी राहतेय, आणि तिकडे पुतळीलासुद्धा तसं दिसता येत नाहीये! इतक्या वर्षांत हे कुणाला सांगायचं असतं, हेच तिला सुचलं नव्हतं. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काय होतं? चूल गरम असते, हे स्वयंपाकी कधी कुणाला सांगतो का?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत तिने लेकीला जवळजवळ ओढतच नेलं. मागच्या दाराने आत शिरून दोघी काचेमागच्या त्या अरुंद जागेत उभ्या राहिल्या. टाचणीबाईने कोपऱ्यातल्या पुतळीला कमरेत धरलं आणि गर्रकन फिरवलं.

"बघ. या बयेसाठी उपाशी राहतेस तू."

लेकीने चिमट्यांवरून बोट फिरवलं. एक चिमटा काढला, तसं कापड भसकन सैल पडलं. आता हसेल, निदान रडेल तरी, म्हणून आई वाट बघत होती. दोन्ही झालं नाही. मग आईनेच तोंड उघडलं. अंगासाठी कपडा असतो, कपड्यासाठी अंग नसतं, तुझ्या अंगात काही खोट नाही, असलं बरंच काही. लेकीने सगळं ऐकून घेतलं.

"मग तू का करतेस?"

"मी? मी काय केलं?"

"रोज करतेस. आरशासमोर मागून मूठ धरतेस आणि श्वास रोखतेस. मला वाटलं, बायकांनी स्वतःला असंच बघायचं असतं." तिने काढलेला चिमटा आईच्या हातात ठेवला. "आणि रात्री तूही म्हणतेस, भूक नाही. पोट वाजतं तुझं, आई. मला ऐकू येतं."

माझं निराळं आहे, माझं आता वय झालं, असं काहीतरी टाचणीबाई पुटपुटली, पण लेक दप्तर उचलून निघाली होती. तेवढ्यात मालक आले आणि पुतळी गिऱ्हाइकांकडे पाठ करून का उभी आहे म्हणून ओरडले. तिने मुकाट्याने पुतळी सरळ केली. सुटलेला चिमटा परत लावला. न लावून सांगते कुणाला!

दिवसभर तिचं डोकं फिरलेलं होतं. मालकांचा राग आला, नणंदेचा आला, पुतळ्या ओतणाऱ्या कारखान्याचाही आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपल्यासाठीच केली असावी असं वाटून स्वतःचा तर इतका आला की टाचणी बोटात घुसली. ती मूठ धरायची खोड कधी लागली? ही पोर झाल्यावर कुणीतरी म्हणालं होतं, आता जरा पोट झाकून राहत जा. कोण म्हणालं तेही आठवेना. खोड तेवढी राहिली आणि पोरीने ती उचलली.

रात्री तिने लेकीपुढे ताट ठेवलं. ताट तसंच राहिलं.

"तू जेवलीस तर जेवेन," लेक म्हणाली.

भूक नाही, हे शब्द टाचणीबाईच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिने गिळले. उठून आपलं ताट घेतलं, डावभर भात वाढला. लेक बघतच होती. तिने आणखी एक डाव वाढला. पहिला घास तोंडात घातला. मग पोटात अशी आग पडली की तिचं तिलाच नवल वाटलं. किती वर्षांची भूक होती ती, देव जाणे. ती भराभर जेवू लागली आणि तिला चीडही येत होती, डोळेही भरून येत होते. समोर चमचा ताटाला लागल्याचा आवाज झाला. तिने मान वर केली नाही, जेवत राहिली.