कापसाच्या खोलीतली डबी

आमच्या घरात केबलची वायर यायची एकच, अन् तिला टोकं चार. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही आमच्या ह्यांची रीत. ह्यांच्या भावाकडे टीव्ही आला, कापली वायर, लावला स्प्लिटर. स्प्लिटर म्हणजे बोटाएवढी लोखंडी डबी, एक वायर आत, दोन बाहेर. शेजारच्या चाचींनी मागितलं, तिथंही एक. तिसरी डबी कापसाच्या खोलीत. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवायचा, अन् हे त्या ढिगावर आडवे होऊन बातम्या पाहायचे.

बोंडअळीच्या वर्षी ती खोली भरलीच नाही. बीटी आहे, अळी लागत नाही, असं ऐकून बियाणं घेतलेलं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. त्याच दिवाळीच्या आधी हे छातीच्या दुखण्यानं गेले. मी रडले का, आठवत नाही. पोळ्या लाटत होते, तेवढं आठवतं.

वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं. आता सगळी भिस्त मुलीवर. एका शाळेत शिक्षिका म्हणून तिची निवड व्हायची होती, मुलाखत घरूनच, इंटरनेटवर, सकाळी अकराला. आमच्या गल्लीत मोबाइलला रेंज नाही. घरचं नेट त्याच केबलच्या वायरीवरून यायचं. आदल्या दिवशी त्यावरून तिनं मैत्रिणीला लावून पाहिलं, तर चित्र थिजे अन् शब्द अर्धेच येत. मग केबलवाल्याला बोलावलं.

त्यानं दिराकडची अन् चाचींकडची डबी काढली. दोघांकडे केव्हाच डिशची छत्री बसली होती, डब्या उगाच राहिलेल्या. तरी शब्द तुटतच होते.

"काकू, कापसाच्या खोलीतलीबी काढा लागते."

"तिथला टीव्ही तं बंदच हाये. तो काय खाते?"

"बंद असला तरी डबी आपला वाटा घेतेच ना! नेटच्या मोडेमले उरतेच किती?"

मुलगी म्हणाली, "आई, काऊन अडून राह्यली तू? उद्या ऐकूच नाही आलं तं?"

मी पक्कड मागितली अन् डबी स्वतःच काढली. ह्यांनी घट्ट आवळलेली, त्यामुळं वेळ लागला. वायरीच्या पेचात कापसाचा पुंजका अडकला होता. हातात घेतला, काही वाटलं नाही. केबलवाल्यानं वायर सरळ जोडून दिली.

दुसऱ्या दिवशी मी त्या रिकाम्या खोलीत बसले. भिंतीपलीकडून सगळं येत होतं. एका बाईंनी विचारलं, "वडील काय करतात?"

"शेती करायचे."

बाईंना पुन्हा विचारावं लागलं नाही. मलाही ते नीट ऐकू आलं.

पंधरा दिवसांनी रुजू व्हायचा निरोप आला. मी कणीक भिजवायला घेतली. डबी फडताळात आहे, चहाच्या डब्यामागं.