‘आमची ही’ काढणारा गृहस्थ

आमच्या वर्तमानपत्रात मी मुद्रितं तपासतो. शेवटच्या पानावर उजव्या कोपऱ्यात रोज तीन चौकटींची चित्रमालिका येते, ‘आमची ही’. ती काढणाऱ्या चित्रकाराइतका पोकळ माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि मी संपादकही बरेच पाहिलेत.

मालिकेत एक बायको. नाक बटाट्यासारखं, चष्मा घसरलेला. पहिल्या चौकटीत ती काहीतरी करायला निघते, दुसरीत घोटाळा करते, तिसरीत नवरा कपाळाला हात लावतो. झालं! एवढ्यावर लोक एकोणीस वर्षं खूश. प्रत्येक नवऱ्याला वाटायचं, अगदी आमच्या घरातलं. प्रत्येक बायकोला वाटायचं, हुबेहूब आमची जाऊ. न्हाव्याच्या आरशाला कात्रणं, दवाखान्याच्या भिंतीला कात्रणं. ही बाई म्हणजे चित्रकाराची खरी बायको, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तोच छाती फुगवून सांगायचा, “मी कल्पना काही करत नाही हो. घरात बसून नुसता बघतो.”

काय बघायचा, कपाळ! बाई शाळेत गणित शिकवायच्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा घाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेल्या, तेवढी एकच चूक. त्यावर पहिलं चित्र निघालं, पत्रांचा ढीग पडला आणि गडी सोकावला. बाई पुन्हा चुकेनात, तेव्हा यानं स्वतःच्या चुका त्यांच्या नावावर खपवायला सुरुवात केली. दूध उतू घालवायचा हा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचा हा. एकदा आमचा मजला चुकून वरच्या विमा कचेरीत आठवड्याची चित्रं देऊन आला. पुढच्याच आठवड्यात तो घोटाळा ‘ही’नं केला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

यंदा शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. बाईंची नोकरी बावीस वर्षांची, हक्क त्यांचाच. त्यांनी नवऱ्याजवळ पहिल्यांदाच काही मागितलं: “अहो, मुलाखत होईपर्यंत शाळेचा विषय तेवढा काढू नका.” हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं, आणि त्याच हातानं चित्रांचं पाकीट पुढे केलं. मुलाखतीच्या दिवसाचं चित्र: ‘ही’ मुख्याध्यापिका झालीय, पहिल्याच तासाला सुट्टीची घंटा देते, आणि रिकाम्या वर्गाला पाढे शिकवते.

“अहो, निदान त्या दिवशी तरी...” मी म्हटलं.

“विषय चालून आलाय, सोडू कसा? आणि तिला विनोद कळतो.”

मी मुद्रित तपासलं आणि खाली सही केली.

निवड समितीच्या टेबलावर आमचं वर्तमानपत्र उघडंच होतं. अध्यक्षांनी विचारलं म्हणे, “बाई, घंटा केव्हा द्यायची ते ठाऊक आहे ना?” सगळे पोट धरून हसले. जागा बाईंपेक्षा नऊ वर्षांनी धाकट्या असलेल्या एका मास्तरांना मिळाली.

सोमवारी बाई आमच्या कचेरीत आल्या. नवऱ्याशी भांडून आल्या असतील असं वाटलं, पण आवाज अगदी वर्गातला होता.

“छापायच्या आधी तुम्ही वाचता ना हे?”

“हो.”

“यातलं काहीही मी करत नाही. सगळं ते करतात.”

“ठाऊक आहे, बाई. मी इथे रोज बघतो त्यांना.”

“ठाऊक होतं? एकोणीस वर्षं?”

मी होकारार्थी मान हलवली.

“ते स्वतःचं हसं होऊ नये म्हणून खोटं बोलले. तुम्ही का गप्प बसलात?”

नोकरी, संपादक, माझं काम फक्त अक्षरांपुरतं, अशी बरीच उत्तरं जिभेवर आली. खरं उत्तर एकच होतं आणि ते त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. रोज ते चित्र हातात आलं की सगळ्यांत आधी मी हसायचो.