खळ्याची मोकळी जागा

काल आबांचा मुलगा जुन्या नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्या ऑफिसात आला. ती उलगडताच नकाशाच्या छपाईतल्या अमोनियाचा उग्र वास नाकात शिरला आणि पाचोऱ्यातली ती दुपार आठवली.

आबांच्या शेतात प्लॉट पाडायचे होते. मी काढलेला प्राथमिक नकाशा मंजुरीच्या कार्यालयातून पुन्हा परत आला होता. कॉलनीसाठी सोडायची मोकळी जागा आबांनी हट्टाने नाल्याच्या खड्ड्यात दाखवायला लावली होती, आणि नियमाला ती सपाट, रस्त्यालगत हवी होती. तशी एकच होती, त्यांचं ज्वारी मळायचं खळं.

"ताई, मोकळीच सोडनी शे ना? मंग नालाकाठनी सोड. सोनासारखी जागा कसाले वाया घालस?" आबा तापले. मीही वैतागून पेन्सिल आपटली. नियम माझे नव्हते, बोलणी मात्र मलाच. शेवटी खळं सोडावं लागलं आणि आबांनी माझ्याशी अबोला धरला.

काल नकाशातल्या त्याच खळ्यावर बोट ठेवून मुलगा म्हणाला, "यात दोन प्लॉट बसतील ना, ताई? मोकळीच तर पडलीय."

माझं डोकं सणकलं. "मोकळी? रोज संध्याकाळी आबा तिथे सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन बसतात. आधी त्यांना उठवून दाखव."