कल जो शेअर चढे

गेल्या येळवशीला मित्राच्या शेतात जेवण आटोपल्यावर बायकोनं मला विचारलं, "औंदा कुणी आरडलंच न्हाय का?"

येळवस म्हणजे आमच्या उमरग्याकडची मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि जो तो कुणाच्या ना कुणाच्या शेतात डाळी-पालेभाज्यांची भज्जी खायला, आंबील प्यायला जातो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली की पुरुषमाणसं आंबील शिंपडत शेताला फेरी मारतात आणि असे ओरडतात, की शेजारच्या शिवारातली कुत्री भुंकायला लागतात. त्या दिवशीही ओरडले होते. मी स्वतः ओरडलो होतो. बायको आमच्यापासून दहा पावलांवर बसली होती.

मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालोय. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज घरी येतानाही मी कधी शाळेत ठेवून आलो नाही. त्यामुळं तिला कमी ऐकू येतंय हे आमच्या घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मला एकेक आठवायला लागलं. ती गेली काही वर्षं चारचौघांत नुसती हसायची, आणि मी समजायचो, बाई निवांत झालीय.

हायवेलगतच्या दवाखान्यात तपासणी झाली. दोन्ही कान सारखेच गेलेत, झपाट्यानं आणखी जातायत, दोन्ही कानांना मशीन लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पैसे होते. तिचेच होते. आयुष्यभर ब्लाउज शिवून तिनं बाजूला ठेवले होते. पाडव्याला दोन्ही कानांची मशीनं आणायची असं ठरलं, आणि तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाडव्याभोवती शिवणकामाच्या खडूनं गोल केला.

येळवस आणि पाडवा यांच्यामध्ये माझ्या आयुष्यात एआय आलं.

आणलं त्याच मित्रानं, ज्याच्या शेतात आम्ही जेवलो होतो. त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाशी तो कन्नड बोलतो, माझ्याशी मराठी, ट्रकवाल्यांशी हिंदी, आणि तिन्ही भाषांत सल्ला देतो. त्यानं माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. शेअर बाजाराचे जुने भाव त्याच्या पोटात होते. आपण नुसतं बोलायचं, ते कंपन्या चाळून देणार. वर आपण एखादा नियम सांगितला, तर गेल्या काही वर्षांत त्या नियमानं चाललो असतो तर काय झालं असतं, तेही काढून दाखवणार. याला बॅकटेस्ट म्हणतात.

मला ही विद्या नवी वाटली नाही. उमरग्यात पन्नाशी उलटलेला प्रत्येक माणूस बॅकटेस्ट करतच जगतो. हायवेचा अमका प्लॉट तेव्हा घेतला असता तर आज काय झालं असतं, हे चहाच्या टपरीवर रोज निघतं. प्रत्येकाचा एकेक हुकलेला प्लॉट आहे. काहींचे तर इतके आहेत, की ते सगळे घेतले असते तर हायवेला जायला जागा उरली नसती. फरक एवढाच, की आमच्या टपरीवर आलेख निघत नाही आणि ॲपमध्ये रंगीत निघतो.

आधी मी कंपन्या चाळल्या. कर्ज कमी हवं, नफा वाढता हवा, मालकावर खटला नको, भाव फार चढलेला नको. अशा अटी घालत गेलो. मुलीसाठी स्थळं बघताना अटी वाढवत नेल्या की शेवटी एकच मुलगा उरतो आणि त्याचंही लग्न झालेलं असतं, तसं झालं. एकच कंपनी उरली आणि ती नेमकं काय बनवते ते तिच्या नावावरून कळेना. मग दोन अटी सोडल्या. पंचवीसेक कंपन्या पदरात पडल्या.

खरी अडचण भाषेची होती. माझ्या जाड बोटांनी जोडाक्षरं उमटत नाहीत, म्हणून मी बोलून लिहायचो. वर्गात मी पुस्तकी मराठी बोलायचो, पण खुर्चीत पाय वर घेऊन बसलं की आपोआप गावाकडचं तोंडात येतं. मी "लई" म्हटलं की ते "लाही" लिहायचं. "म्या" म्हटलं की "मैया". एकदा त्यानं मला नम्रपणे विचारलं, की आपल्याला देवीविषयी माहिती हवी आहे का. मित्र म्हणाला, हिंदीत बोला, हिंदी त्याला चांगली येते. माझी हिंदी म्हणजे हैदराबाद रोडवरच्या गॅरेजात ऐकून आलेली. तिच्यात "को" नसतो, "कू" असतो. पण ॲपला ती कळायला लागली, आणि मला आपण राष्ट्रीय पातळीवर गेल्यासारखं वाटलं.

मी ओरडूनच बोलायचो. गल्लीतल्या सगळ्यांना माझी गुंतवणुकीची धोरणं पाठ झाली. फक्त घरातलीला ऐकू येत नव्हती.

माझा नियम साधा होता. चाळलेल्या कंपन्यांपैकी काल जिचा शेअर सगळ्यात जास्त वाढला, तो आज सकाळी घ्यायचा आणि उद्या बाजार बंद व्हायच्या आत विकायचा. ज्याला चढायची सवय लागलीय तो आणखी चढेल, असा माझा सिद्धान्त. हे मी फोन तोंडाजवळ धरून हिंदीत सांगितलं: "कल जो शेअर सबसे जास्ती चढे, वो आज सवेरे लेना. और कल बजार बंद होने के पैले बेच देना."

थोड्या वेळानं आलेख आला. जिन्यासारखा सरळ वर गेलेला. इतक्या वर्षांत तोट्याचे सौदे जवळजवळ नाहीतच. गणित शिकवण्यात हयात घालवून मी काहीच केलं नाही असं माझ्या मुलांना वाटतं, त्यांना हा आलेख पाठवावा असं मनात आलं. आलेखाखाली बारीक अक्षरांत इंग्रजीत बरंच काही होतं. औषधाच्या खोक्यातला कागद आपण जितका वाचतो तितका मी तो वाचला.

मित्राला दाखवला. तो म्हणाला, "सर, तुमी इतके दिवस शाळेत काय करत हुता?"

आता भांडवल लागणार होतं. माझं पेन्शन घरात जातं. उरले ते कॅलेंडरवरच्या गोलाचे.

आता बायकोला काही समजावायचं तर कागदावर लिहावं लागायचं. मी लिहिलं, की पाडव्याला साधी मशीनं येतील, पण दोन महिने थांबलीस तर परदेशी येतील, कानात दिसतसुद्धा नाहीत अशी. तिनं कागद वाचला. मग आलेख पाहिला. तिनं विचारलं, हे आजवर एकदाही आपटलं नाही का? मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, न आपटणारं काहीच मी अजून पाहिलं नाही. तरी तिनं पैसे दिले. मला वाटलं, तिला पटलं. खरं तर लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस पटलं म्हणून देत नाही, वाद नको म्हणून देतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी पैसे घेतले, याची मला अजून लाज वाटते.

रोज सकाळी मी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून बसायचो. काल सगळ्यात जास्त वाढलेला शेअर शोधायचा आणि घ्यायचा. तो उतरायचा. दुसऱ्या दिवशी विकायचा. मग तो चढायचा. पहिल्या आठवड्यात मी बाजाराला दोष दिला, दुसऱ्या आठवड्यात सरकारला. तिसऱ्या आठवड्यात मी ॲपला विचारलं, की बॅकटेस्टमध्ये नियम चालतो आणि माझ्या हातून का चालत नाही? त्यानं सभ्यपणे विचारलं, की आपण नियमाचं तंतोतंत पालन करत आहात का? पस्तीस वर्षं पोरांना मी हाच प्रश्न विचारत आलो होतो, त्यामुळं मला फारच राग आला.

पाडवा आला. बायकोनं गुढी उभारली, माझ्याकडं पाहिलं, आणि मी खात्याकडं पाहिलं. निम्मे राहिले होते.

कबूल करण्यावाचून इलाज नव्हता. कागदावर निम्मे गेल्याचं लिहिलं. ती चिडली नाही. तिनं एकच सांगितलं, की तुम्ही त्या बोलायच्या मशीनला काय सांगितलं होतं ते मला मराठीत लिहून दाखवा. मी स्वतः लिहायला गेलो तर वहीतला कागद संपला होता, म्हणून ॲपलाच सांगितलं, की माझा नियम शुद्ध मराठीत लिहून दे. त्यानं लिहिलं आणि मी न वाचताच फोन तिच्या हातात दिला.

तिनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. आपला आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळं गल्लीनंही ऐकलं.

"उद्या ज्या शेअरचा भाव सर्वांत जास्त वाढणार आहे, तो आज सकाळी खरेदी करावा आणि उद्या बाजार बंद होण्यापूर्वी विकावा."

तिनं चष्मा काढला. मग म्हणाली, "उद्या काय चढणार ते आज कुणाला ठावं असतंय?"

मी फोन ओढून घेतला. हिंदीतलं माझं वाक्य होतं तिथंच होतं. कल. काल झालेलंही कल आणि उद्या व्हायचंही कल. गॅरेजवाला "कल गाडी लाए" म्हणतो तेव्हा गाडी आलीय की यायचीय, हे त्याच्या तोंडाकडं बघून कळतं. ॲपला माझं तोंड दिसत नव्हतं. माझं "चढे" त्याच्या लेखी "चढेल" झालं होतं. त्यानं इमानदारीनं रोज उद्याचा भाव आजच बघून माल घेतला, आणि जिना वर गेला. मी मात्र रोज कालचा माल घेत होतो.

मग मी ते बारीक इंग्रजी पहिल्यांदा वाचलं. तिसऱ्याच ओळीत होतं, की हा नियम दुसऱ्या दिवशीची माहिती आदल्या दिवशी वापरतो, प्रत्यक्षात असा व्यवहार अशक्य आहे, आपल्याला हेच अभिप्रेत आहे का? त्यानं विचारलं होतं. प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिलं म्हणून मी किती पोरांचे गुण कापले असतील, त्याचा हिशोब कुठल्याही ॲपला लागणार नाही.

मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "म्या तवाच म्हणलं हुतं, सर." तो असं काही म्हणाला नव्हता. पण त्याचीही बॅकटेस्ट असते आणि तिच्यात त्याचाही तोटा कधी होत नाही.

निम्म्या पैशांत एका कानाचं मशीन येत होतं. आम्ही दवाखान्यात गेलो. मशीन बसवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. दोन्ही कान सारखेच आहेत, तेव्हा कुठल्या कानाला लावायचं ते काकूंनीच ठरवावं, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. बायको क्षणभरही घुटमळली नाही.

"उजव्या. हे डाव्या अंगाला बसत्यात."

बाईंना हसू आवरेना. मी भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचत उभा राहिलो.

घरी व्हरांड्यात आमच्या दोन खुर्च्या आहेत. माझी डावीकडं, तिची उजवीकडं, लग्नापासून. ती चहा करायला आत गेली, तेवढ्यात मी माझी खुर्ची उचलून तिच्या पलीकडं, उजव्या बाजूला नेऊन ठेवली आणि बसलो. ती दोन कप घेऊन बाहेर आली. रिकामी झालेली जागा तिनं पाहिली, मला पाहिलं. मी हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, तिला सांगितलं, की दुसऱ्या कानाचंही आणू.

तिला ते ऐकू आलं. कप माझ्या हातात देत ती म्हणाली, "कधी आणायचं ते मराठीत सांगा."